'ती कोर्टात मोडून पडली' की 'तिला रडू कोसळलं'? 'ब्रेक डाउन'च्या वाच्यार्थाविषयी आणि लक्ष्यार्थाविषयी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजून घेण्यात चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही एका खटल्याच्या इंग्रजी वृत्तान्ताचं भाषांतर करत होतात. साक्षीदार बाईंबद्दल त्यात वाक्य होतं, 'शी ब्रोक डाउन इन कोर्ट'. तुम्ही लिहिलंत, 'ती कोर्टात मोडून पडली'. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'तिला कोर्टात रडू कोसळलं' असं केलं, पण कारण दिलं नाही. तुम्ही शब्दकोश उघडलात तर 'ब्रेक डाउन'खाली आठ-नऊ अर्थ निघाले: दार फोडणं, यंत्र बिघडणं, रडणं, बोलणी थांबणं, पदार्थाचं विघटन होणं, आकड्यांची विभागणी करणं. आता तुम्ही विचारताय की यातला शब्दशः अर्थ कुठे संपतो, लाक्षणिक कुठे सुरू होतो, आणि हे सगळे अर्थ पाठच करायचे का.

तपासणाऱ्यांचा बदल मला बरोबर वाटतो. पण तुमचं वाक्य व्याकरणात बसत होतं, शब्दकोशालाही धरून होतं. म्हणूनच ते का बदललं, हे तुम्हाला कळायला हवं. मी २३ वर्षं भाषांतर करते आहे. सुरुवातीला नाशिकच्या सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका केल्या, मग काही वर्षं शेतीविषयक पुस्तिका, आणि आता बहुतेक चरित्रं आणि वैचारिक पुस्तकं. या तिन्ही कामांत 'ब्रेक डाउन'शी गाठ पडली आणि दरवेळी त्याचं मराठी वेगळं निघालं. ते वेगळं का निघालं, हेच सांगते.

तुमची अडचण शब्दकोशातला अर्थ निवडण्याची नव्हती. अर्थ तुम्हाला कळलाच होता: बाईंचा धीर सुटला. गाडी अडली ती मराठी क्रियापद निवडताना. 'ब्रेक' दिसलं म्हणून 'मोडणं' आलं, 'डाउन' दिसलं म्हणून 'पडणं' आलं, आणि दोन्ही जोडून 'मोडून पडली' तयार झालं. योगायोग असा की 'मोडून पडणं' हा मराठीत आधीपासून रुळलेला प्रयोग आहे आणि त्याचा अर्थ जरा निराळा आहे. त्यामुळे वाक्य कानाला खटकलं नाही, पण सांगायचं ते सांगून गेलं नाही.

मुळापासून बघू. 'ब्रेक' आणि 'डाउन' हे दोन्ही शब्द जसेच्या तसे खरे असतील असं चित्र म्हणजे भिंत. घाव घातले, ती मोडली, आणि जमिनीवर आली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये जेरुसलेमच्या तटाबद्दल हेच क्रियापद आहे: बॅबिलोनच्या सैन्याने शहराभोवतीचा तट 'ब्रेक डाउन' केला. तिथे दगड खरोखर खाली आले. मराठीत आपण म्हणू, तट पाडला. दार असेल तर म्हणू, दार फोडलं. या दोन साध्या वाक्यांतच बरंच काही दडलं आहे. 'पाडलं' म्हणताना 'खाली' वेगळं सांगावं लागत नाही, ते क्रियापदात मुरलेलं आहे. 'फोडलं' म्हणताना 'खाली' गळूनच जातं, कारण दार फोडणाऱ्याला आत शिरायचं असतं, दार कुठल्या बाजूला पडलं याची त्याला फिकीर नसते. म्हणजे अर्थ शंभर टक्के शब्दशः असतानाही मराठी शब्दामागून शब्द चालत नाही.

शिवाय इंग्रजीचं एक 'ब्रेक' आपल्याकडे किमान तिघांत वाटलं गेलंय. काठी मोडते, दोरी तुटते, माठ फुटतो. पुढे लाक्षणिक अर्थ घेतानाही ही वाटणी सुटत नाही. ठरलेलं लग्न मोडतं, नातं तुटतं, पेपर फुटतो. मुदतठेव मोडतात, शंभराची नोट मोडतात, आमदार मात्र फुटतात. 'लग्न फुटलं' किंवा 'पेपर मोडला' असं कोणी म्हणत नाही. कारण उघड आहे. लग्न ठरतं तेव्हा काही तरी जुळवून उभं केलेलं असतं, ते मोडतं. पेपर पाकिटात कोंडलेला असतो, तो फुटतो. मराठीने लाक्षणिक अर्थ घेताना मूळ वस्तूचं चित्र हातचं सोडलेलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आता शब्दशः आणि लाक्षणिक यांची सीमा. शाळेत अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ अडला की घ्यायचा लाक्षणिक अर्थ), व्यंजना (सुचवलेला अर्थ) शिकला असाल. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या. इंग्रजीच्या फ्रेझल व्हर्ब, म्हणजे 'ब्रेक डाउन'सारखी छोटा शब्द जोडून झालेली क्रियापदं, शिकवताना मला याहून उपयोगी हत्यार अजून सापडलेलं नाही. पहिली अट, मुख्य अर्थाला बाधा यायला हवी, म्हणजे तो तिथे लागू पडता कामा नये. दुसरी, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही तरी संबंध हवा. तिसरी, त्यामागे रूढी हवी किंवा बोलणाऱ्याचं खास प्रयोजन हवं.

'द बस ब्रोक डाउन निअर कसारा' या वाक्याला या अटी लावून बघा. बस मोडून जमीनदोस्त झालेली नाही, घाटाच्या तोंडाशी चांगली चार चाकांवर उभी आहे. मुख्य अर्थ अडला. पण पडल्यावर भिंतीचं भिंतपण संपतं तसं या बसचं चालणं संपलं आहे. संबंध सापडला. आणि हे बोलणारा काही अलंकारिक बोलत नाहीये, इंग्रजीत बसबद्दल सगळे असंच म्हणतात. म्हणजे ही रूढी. 'कुशल' म्हणताना कुश नावाचं गवत तोडून आणणारा माणूस आज कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, अगदी तसंच. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: शब्दशः अर्थ जिथे अडतो तिथे तो संपतो. कर्ता कोण आहे बघा, आणि तो खरोखर मोडून खाली येऊ शकतो का, एवढं स्वतःला विचारा. कधी कधी दोन्ही अर्थ एकाच जागी नांदतात. बैलगाडीचा आस मोडला तर गाडी खरोखर खाली बसते आणि तिचं चालणंही थांबतं. अशा वेळी सीमा शोधत बसू नका, मराठीत 'आस मोडला' एवढंच पुरतं.

बसचं मराठी सोपं आहे, बस बंद पडली. इथलं 'पडणं' नीट बघा. बंद पडलेली बस कुठेही पडलेली नसते. आपण म्हणतो भाव पडले, सरकार पडलं, चेहरा पडला, माणूस आजारी पडला. 'बसणं'ही याच कुळातलं: आवाज बसला, धंदा बसला. इंग्रजी जे काम 'डाउन' जोडून करतं, ते काम मराठीत 'पडणं', 'बसणं', 'कोसळणं' ही क्रियापदं करतात. म्हणून भाषांतरात 'डाउन'साठी वेगळा शब्द शोधायला जाऊ नका. योग्य क्रियापद मिळालं की ते आपोआप आत येतं.

कारखान्यात मात्र 'बंद पडलं' नेहमी चालत नाही, हे मला काम करता करता कळलं. तिथे 'मशीन बंद आहे' म्हणजे माल नसेल, पाळी नसेल, वीज नसेल. बिघाडाने थांबलेलं असेल तर ऑपरेटर सरळ 'मशीन ब्रेकडाउन आहे' म्हणतो, कारण त्याच्या नोंदवहीत या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत जातात. मी सुरुवातीला हट्टाने 'बंद पडलेले यंत्र' लिहायचे. पुढे ते सोडलं. जे वाचून काम करायचं आहे, त्यात काम करणाऱ्याचाच शब्द हवा.

त्याच पुस्तिकांमध्ये 'ब्रेकडाउन व्होल्टेज' यायचं. कोरडी हवा साध्या दाबाला, सेंटिमीटरभर अंतरात साधारण ३०,००० व्होल्टपर्यंतचा ताण अडवून धरते. त्याच्या पुढे गेलं की ठिणगी पडते. याला हवेचं 'ब्रेकडाउन' म्हणतात. एका मसुद्यात मी 'बिघाड' लिहिलं होतं. तिथल्या एका अनुभवी इलेक्ट्रिशियन काकांनी मला थांबवून समजावलं: 'ताई, हवेत काय बिघडणार? ती धरून होती, आता तिला धरवलं नाही.' ते वाक्य मी आजही वर्गात सांगते. 'ब्रेक डाउन'च्या बऱ्याच लक्ष्यार्थांची किल्ली त्यात आहे. काही तरी धरून होतं, सोसत होतं, उभं होतं, आणि एका क्षणाला त्याला धरवेना.

आता तुमच्या साक्षीदार बाईंकडे येते, कारण त्यांनाही धरवेना.

इंग्रजीत रडण्याच्या दोन तऱ्हा शेजारी ठेवून बघा. 'बर्स्ट इंटू टिअर्स' म्हणजे रडू फुटलं. लहान मुलाचा ओठ वाकडा होतो आणि पुढच्या क्षणी भोकाड पसरतं, त्यात आधी काही थोपवून धरलेलं असायलाच हवं असं नाही. 'ब्रेक डाउन'मध्ये मात्र आधीचा संयम गृहीत आहे. ज्या माणसाने आतापर्यंत स्वतःला सावरून धरलं होतं, तोच 'ब्रेक डाउन' होतो. कोर्टातल्या बाईंनी बहुधा अर्धा-पाऊण तास उलटतपासणी सोसली असेल, तारखा सांगितल्या असतील, आणि मग एका प्रश्नाला त्यांच्याने पुढे बोलवेना. 'रडू कोसळलं' यात तो भार आहे. दरड कोसळते तेव्हा ती आधी तिथे लटकत असते. रडू कोसळतं तेव्हाही ते आधीपासून वर साचलेलं असतं. 'भावनांचा बांध फुटला' हेही तेच सांगतं, पण बातम्यांमध्ये ते इतकं वापरलं गेलंय की आता त्यातला बांधही दिसत नाही आणि पाणीही दिसत नाही. मी ते टाळते.

मग 'मोडून पडली' का नको? कारण त्याचा काळ वेगळा आहे. 'नवरा गेल्यावर ती मोडून पडली' हे वाक्य महिन्यांचं आहे, कदाचित वर्षांचं. त्यात तिचं खाणंपिणं, घरातून बाहेर पडणं, सगळं आलं. कोर्टातली घटना दहा मिनिटांची. पाणी प्यायल्यावर बाईंनी साक्ष पूर्णही केली असेल. 'कोर्टात मोडून पडली' वाचल्यावर वाचकाला वाटेल की तिचं आयुष्यच तिथे संपलं, किंवा खटल्यातली तिची बाजू ढासळली. खटल्याच्या वृत्तान्तात असा गैरसमज लहान नाही.

अर्थात सगळं आजूबाजूच्या मजकुरावर अवलंबून आहे. हेच इंग्रजी क्रियापद पोलीस चौकशीच्या वर्णनात आलं, 'ही ब्रोक डाउन अँड कन्फेस्ड', तर तिथे अश्रू असतीलच असं नाही. तिथे मी लिहीन, 'अखेर त्याचा धीर सुटला आणि त्याने कबुली दिली'. एखाद्या चरित्रात 'हिज हेल्थ ब्रोक डाउन' असेल तर 'त्यांची प्रकृती ढासळली'. 'नर्व्हस ब्रेकडाउन' आलं तर अधिक जपून. तो वैद्यकीय निदानाचा शब्द नाही, बोलीतला आहे. त्याच्या जागी एखाद्या मानसिक आजाराचं नाव घालणं म्हणजे लेखकाने न केलेलं निदान आपण करणं. मी 'मानसिक दृष्ट्या कोलमडणं' एवढ्यावर थांबते.

ढासळणं, कोलमडणं, कोसळणं ही क्रियापदं मी इथे एकापाठोपाठ वापरली, पण ती एकमेकांच्या जागी चालणारी नाहीत. माझ्या मते मराठी भाषांतरकाराची खरी श्रीमंती इथे आहे, म्हणून जरा थांबते. विहिरीचा काठ खचतो: खालून माती सुटत जाते, वरून बराच काळ काही दिसत नाही, मग तो आत बसतो. माणूस खचतो तोही असाच. बुरूज ढासळतो: एक चिरा निखळतो, मग दुसरा. म्हणून प्रकृती ढासळते, हळूहळू आणि सगळ्यांच्या देखत. दरड कोसळते: अचानक आणि वरून. म्हणून शेअर बाजार कोसळतो, रडू कोसळतं, आभाळ कोसळतं. मांडव कोलमडतो: कापड, बांबू, दोऱ्या सगळं धड असतं, पण एक खांब सरकला की एकमेकांच्या आधाराने उभं असलेलं सगळंच खाली येतं. म्हणून पावसात लोकलचं वेळापत्रक कोलमडतं. एक गाडी अडकली की मागच्या सगळ्या अडकतात. आणि झाड उन्मळून पडतं, मुळांसकट. तरुण मुलगा गेलेल्या बापाबद्दल 'उन्मळून पडला' लिहितात तेव्हा ते मूळ दिसावं लागतं. सर्दीतापाने बेजार झालेल्या माणसाला ते क्रियापद देऊ नये.

इंग्रजीत यातल्या बहुतेक ठिकाणी 'ब्रेक डाउन' किंवा 'कोलॅप्स' चालून जाईल. १९८० साली भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी रूपकांचा जो अभ्यास मांडला, त्यात मनाबद्दल बोलण्याच्या इंग्रजीच्या दोन सवयी वेगळ्या काढल्या आहेत: मन म्हणजे यंत्र, आणि मन म्हणजे ठिसूळ वस्तू. यंत्र थांबतं, ठिसूळ वस्तूचे तुकडे उडतात. 'ब्रेक डाउन' यंत्राच्या बाजूचं. मराठी मन यंत्रासारखं बंद पडत नाही. मला ते जमिनीचं आणि पाण्याचं दिसतं: ते खचतं, त्याला पाझर फुटतो, त्याचा बांध फुटतो, ते भरून येतं. हे माझं निरीक्षण आहे, सिद्धान्त नव्हे. पण भाषांतर करताना मी मुद्दाम या चित्रांच्या बाजूने विचार करते आणि वाक्य बहुतेक वेळा सुटतं.

बोलण्यांबद्दल थोडक्यात सांगते. जुलै २००१ मध्ये आग्र्याला वाजपेयी आणि मुशर्रफ यांची बोलणी संयुक्त निवेदनाशिवाय संपली. अशा प्रसंगाला इंग्रजीत 'द टॉक्स ब्रोक डाउन' चालतं. मराठीत बोलणी फिसकटली. 'निष्फळ ठरली' हे जवळचं वाटतं, पण बोलणी ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत होऊनही निष्फळ ठरू शकतात. फिसकटणं म्हणजे जुळत आलेलं मध्येच बिनसणं. यातलं नेमकं काय झालं होतं ते मजकुरावरून ठरवायचं.

आतापर्यंतचे सगळे अर्थ उभं असलेलं खाली येण्याचे होते. 'ब्रेक डाउन'ची दुसरी शाखा तुकडे होण्याची आहे आणि तिथे 'पडणं'चा काहीच उपयोग नाही. लाळेतलं अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थ 'ब्रेक डाउन' करतं. अन्न कुठे खाली पडत नाही, मोठ्या रेणूचे लहान रेणू होतात, माल्टोज तयार होतं, म्हणून पोळीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. पाठ्यपुस्तकात याला विघटन म्हणतात आणि तिथे तो शब्द शोभतो.

पण विघटन सगळीकडे शोभत नाही आणि 'मोडणं' हे शब्दशः भाषांतर तर त्याहून नाही. हे मला एका चुकीने शिकवलं. कंपोस्टवरच्या एका छोट्या पुस्तिकेचं काम माझ्याकडे होतं. मूळ सूचना अशी, की काडीकचरा पूर्ण 'ब्रेक डाउन' झाल्यावरच शेतात घाला. मी लिहिलं, 'काडीकचरा पूर्ण मोडल्यावर'. पुस्तिका छापली गेली. नंतर एका बैठकीत निफाडकडच्या एका शेतकरी दादांनी विचारलं, 'मोडायचा म्हणजे कोयत्याने बारीक करायचा ना? आम्ही केला आणि टाकला.' त्यांनी अगदी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे केलं होतं. अर्धकच्चं खत शेतात गेलं की हुमणी आणि वाळवीला आमंत्रण मिळतं. शिवाय कच्चा काडीकचरा कुजवताना जिवाणू जमिनीतलंच नत्र वापरतात आणि पीक पिवळं पडतं. मला तिथे हवा होता तो शब्द त्या बैठकीतल्या प्रत्येकाच्या तोंडी रोज होता: कुजणं. 'काडीकचरा पूर्ण कुजल्यावर.' त्या दिवसापासून शब्दकोश बंद करायच्या आधी मी स्वतःला विचारते की हे काम जो हाताने करतो, तो याला काय म्हणतो. आणि जमलं तर त्यालाच विचारते.

आकड्यांचा अर्थही याच शाखेतला. 'अ ब्रेकडाउन ऑफ एक्स्पेन्सेस' म्हणजे खर्चाची फोड. मला हा शब्द फार आवडतो. आंब्याच्या फोडी करतो, संधी झालेल्या शब्दाची फोड करतो, तशीच खर्चाची फोड. अखंड दिसणारी गोष्ट खाता येईल, कळेल अशा तुकड्यांत मांडणं. माणसांची संख्या असेल तर मी 'वयोगटानुसार विभागणी' किंवा 'जिल्हावार आकडे' लिहिते, कारण माणसांची फोड कानाला बरी लागत नाही. इथे एक सावधगिरी: आपल्याकडच्या कचेऱ्यांत याच अर्थी 'ब्रेकअप' म्हणतात, पगाराचा ब्रेकअप, फ्लॅटच्या किमतीचा ब्रेकअप. ते भारतीय इंग्रजी आहे. ब्रिटिश किंवा अमेरिकन मजकुरात तुम्हाला बहुधा 'ब्रेकडाउन' दिसेल, म्हणून 'खर्च कोलमडला' असा अर्थ लावून बसू नका.

शाखा कोणती हे पटकन ओळखायला व्याकरण मदत करतं. 'ब्रेक डाउन'ला कर्म आहे का बघा. कर्म नसेल तर बहुतेक वेळा काही तरी आपोआप कोसळलंय, थांबलंय किंवा कुजलंय: यंत्र, माणूस, बोलणी, पदार्थ. कर्म असेल तर कुणी तरी ते फोडतंय, पाडतंय किंवा त्याचे भाग करतंय: दार, जातीच्या भिंती, अन्न, आकडे. विरोध हे कर्म असेल तर 'मोडून काढला' हे आपलं क्रियापद हजर आहे. वाक्य कर्मणी असेल, उदाहरणार्थ 'द फिगर्स वेअर ब्रोकन डाउन बाय डिस्ट्रिक्ट', तर बंद पडणं आणि रडणं हे दोन अर्थ लगेच बाद होतात. इंग्रजी लिहायची वेळ आली तर सर्वनाम मध्येच घालायचं: 'ब्रेक इट डाउन'. आणि नाम असेल तर ते एकच शब्द म्हणून लिहितात आणि उच्चारताना आघात, म्हणजे जोर, पहिल्या भागावर, 'ब्रेक'वर देतात. क्रियापद दोन शब्दांत, आघात 'डाउन'वर. बोलणं ऐकून भाषांतर करणाऱ्याला हा आघात फार उपयोगी पडतो.

पाठ करायचं का, याचं उत्तर. अर्थांची यादी पाठ करू नका. या क्रियापदांनी बिचकून जाणारे तुम्ही पहिले नाही. १७५५ साली छापलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सनने लिहून ठेवलंय की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही रीत परदेशी माणसाला सगळ्यात जड जाते. त्याने दिलेल्या उदाहरणांत 'ब्रेक ऑफ' आहे. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रुळलं ते त्यानंतर बरंच उशिरा, १९२५ पासून. नाव नसतानाही लोक ही क्रियापदं शिकतच होते, वाक्यांतून. तुम्हीही एक वही करा. डाव्या पानावर इंग्रजी वाक्य, आधीच्या आणि नंतरच्या ओळीसकट. उजव्या पानावर काय उभं होतं किंवा काय अखंड होतं ते एका ओळीत, आणि त्याखाली मराठी. 'कोरडी हवा वीज धरून होती.' 'बाई स्वतःला सावरून होत्या.' 'काडीकचरा आख्खा होता.' मधली ओळ लिहिली की खालचं क्रियापद फारसं शोधावं लागत नाही. माझ्या विद्यार्थ्यांमध्ये ज्यांनी ही मधली ओळ मनापासून लिहिली, त्यांच्या हातून 'मोडून पडली' पुन्हा चुकीच्या जागी पडलं नाही.

आता तुमच्या वाक्यापुरतं. त्या वृत्तान्तातल्या आधीच्या दोन-तीन ओळी पुन्हा वाचा. बाई तोवर शांतपणे उत्तरं देत होत्या असं तिथे असेल, तर तो संयम मराठीतही वाचकापर्यंत पोचायला हवा आणि तपासणाऱ्यांच्या वाक्यात मी थोडी भर घालीन: 'इतका वेळ त्या सावरून बोलत होत्या, पण मुलाचा विषय निघताच त्यांना रडू कोसळलं.' मुलाच्या जागी तिथे जे कारण असेल ते घाला, आणि 'तिला'ऐवजी 'त्यांना' करा, साक्ष देणारी बाई मोठी आहे. कारण दिलेलंच नसेल तर स्वतःहून काही जोडू नका. पुढच्या ओळीत न्यायाधीशांनी कामकाज थोडा वेळ थांबवलं असं असेल, तर 'रडू कोसळलं' पक्कं. पण पुढे जर लिहिलं असेल की त्यानंतर त्या कित्येक महिने कुणाशी बोलल्या नाहीत, तर मला कळवा. तेव्हा तुमच्या 'मोडून पडली'चा आपण नव्याने विचार करू.